कापूस निघाला की देतो

चांदूर रेल्वेच्या बाजारात समोरून ओळखीचा माणूस येताना दिसला आणि कोणी झटकन बाजूच्या गल्लीत शिरलं, तर शिरणारा कर्जदार असणार असा बाहेरगावच्या पाहुण्याचा समज होतो. पाहुणा चुकतो. गल्लीत शिरतो तो पैसे दिलेला. घेतलेला माणूस भर चौकात, पान लावून घेत, निवांत उभा असतो आणि वरून हाकही मारतो.

“काय भाऊ, दिसून नाही राहिले आजकाल? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे ना.”

“नाही, मले वाटलं काही अडचण-गिडचण असंल. असली तं सांगत जा बापा, संकोच नका करू.”

भाऊंना संकोच करू नका म्हणणं म्हणजे पावसाळ्यात बेंबळा नदीला वाहू नको म्हणणं. भाऊंचं स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर किराणा दुकान आहे. असे भाऊ कोणत्याही गावाच्या स्टेशन रोडवर अर्धा डझन सापडतील, तेव्हा हे नेमके कोणते याचा शोध घेण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. त्यांनी या चौकातल्या माणसाला पन्नास हजार रुपये हातउसने दिले होते, आणि शिवाय उधारीची वही आहेच. दिलेले पैसे मागायची भाऊंची एक ठरलेली रीत आहे. आधी पाऊस. मग सोयाबीनचा भाव. मग कोणती एक्स्प्रेस चांदूरला थांबते, कोणती नुसतीच धूळ उडवून जाते आणि या अन्यायाबद्दल खासदाराला निवेदन कोणी द्यावं. एवढं झाल्यावर भाऊ घसा खाकरतात.

“ते आपलं... ते होतं ना...”

“कोणतं?”

“काही नाही. सहज.”

वसुलीची ही मोहीम इथे संपते आणि पुढच्या हंगामात पुन्हा सुरू होते.

हंगाम म्हणायचं कारण असं की वऱ्हाडात पैसे परत करण्याचा वायदा तारखेवर नसतो, पिकावर असतो. सोयाबीन निघालं की देतो. ते दसऱ्याच्या आसपास निघतं, पण नेमका परतीचा पाऊस येतो आणि दाणा काळा पडतो. मग कापूस. सीतादहीची पूजा झाली, पहिला वेचा घरी आला, की पैसे तुमचेच. पहिल्या वेच्याचे पैसे मजुरीत जातात, दुसऱ्याचे कृषी केंद्रवाल्याकडे आणि तिसऱ्याच्या वेळी भाव पडलेला असतो. मग तूर, मग चना, आणि काहीच उरलं नाही तर फरदड, म्हणजे वेचून झालेल्या पऱ्हाटीचाच उरलासुरला कापूस. फरदडीनंतर घरात लग्न असतं. यात खोटं काहीच नसतं, हीच तर अडचण आहे. भाऊंना प्रत्येक कारण पटतं, कारण त्याच दाण्यावर त्यांच्या दुकानाचीही उधारी उभी असते.

कायद्याच्या कॅलेंडरात मात्र तूरही नाही आणि फरदडही नाही. 1 जानेवारी 1964 पासून लागू झालेला, 1963 चा मुदतीचा कायदा उसन्या पैशांच्या दाव्याला 3 वर्षं देतो. त्यानंतर कोर्टाचं दार बंद. भाऊंना हे कळलं तेव्हा ते ओळखीच्या वकिलाकडे गेले, तेही पैसे मागायला नव्हे, “नुसतं विचारायला”.

“केव्हा दिले होते?”

“पोळ्याच्या आधी.”

“कोणत्या साली?”

“ज्या साली गारपीट झाली ना साहेब, त्या साली.”

“भाऊ, गारपीट वऱ्हाडात कोणत्या साली होत नाही? बरं, परत केव्हा द्यायचे ठरले होते?”

“मी मागीन तेव्हा.”

“मग मुदत दिल्या दिवसापासून.”

“असं कसं? मी तर आजपर्यंत मागितलेच नाहीत!”

“तेच तर सांगून राहिलो.”

भाऊंचा यावर विश्वास बसला नाही. कायद्याच्या परिशिष्टात मात्र हे स्पष्ट आहे: मागणी होताच परत करायच्या रकमेची मुदत मागणी केल्यापासून मोजत नाहीत, रक्कम दिल्यापासून मोजतात. म्हणजे ज्या सज्जनाने “घाई नाही हो, सवडीने द्या” म्हणून नोटा मोजून दिल्या, त्याचं घड्याळ नोटा मोजतानाच सुरू झालं. ज्या खडूस माणसाने “31 मार्चला सकाळी अकरा वाजता आणून टाक” असं बजावलं, त्याचं घड्याळ 31 मार्चपर्यंत थांबून राहिलं. भीड भिकेची बहीण हे आजी सांगायची. तिच्या त्या बहिणीला कलमं आणि परिशिष्टं फुटली आहेत एवढंच.

वहीतल्या उधारीची अवस्था आणखी नाजूक. फेडायची तारीख ठरली नसेल तर विकलेल्या मालाच्या किमतीची 3 वर्षं माल दिल्या दिवसापासून, आणि तीही मालागणिक. सोमवारी नेलेल्या साखरेची मुदत सोमवारपासून, मंगळवारच्या चहापत्तीची मंगळवारपासून. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली तारीख भाऊ रोज बघतात आणि शिळा पुडा कंपनीला परत करतात. वहीवर तारीख छापलेली नसते आणि ती परत घेणारी कंपनीही नसते.

“पण समजा, मी दावा टाकला आणि तो काहीच बोलला नाही तर?” भाऊंनी शेवटचा बाण काढला. समोरचा सभ्य माणूस आहे, मुदतीचा मुद्दा काढून तो भाऊंना अडवणार नाही, अशी त्यांची खात्री होती. वकिलांनी तिसरं कलम दाखवलं. प्रतिवादीने मुदतीचा म सुद्धा उच्चारला नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने आपणहून फेटाळायचा आहे. सभ्यतेला इथे दोन्ही बाजूंनी बंदी आहे.

तरीही कर्ज मेलं असं समजून कोणी तेरावं घालू नये. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये बॉम्बे डाइंगच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की मुदत संपल्याने दाद मागण्याचा मार्ग बंद होतो, देणं नाहीसं होत नाही. कर्ज जिवंत असतं, पण त्याला कोर्टाची पायरी चढता येत नाही. गावात हिंडतं, लग्नाकार्यात भेटतं, “काय भाऊ” म्हणून हाकही मारतं.

अशा जिवंत कर्जासाठी 1872 च्या करार कायद्यात एक गमतीची सोय आहे. कर्जदाराने पैसे देताना ते कशापोटी हे सांगितलं नाही आणि प्रसंगावरूनही ते कळत नसेल, तर घेणाऱ्याने ते वाटेल त्या रास्त देण्यात जमा करावेत, मुदत गेलेल्या देण्यातसुद्धा. त्यानं जुनं कर्ज कोर्टात जायच्या लायकीचं होत नाही, पण आकडा तर कमी होतो. भाऊंनी हे ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तजेला आला. पुढच्या आठवड्यात चौकातल्या गृहस्थाने गल्ल्यावर पाचशेची नोट टेकवून तोंड दुसरीकडे वळवलं, तेव्हा भाऊंनी ती गुपचूप गारपिटीच्या सालात जमा केली. ही बातमी दुपारपर्यंत गावात पोचली. तेव्हापासून त्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक नोट पुढे करताना मोठ्यानं ओरडतं, “हे आजच्या तुरीच्या डाळीचे हं भाऊ! आजच्या!” बाहेरच्याला वाटावं, इथे लिलाव चालू आहे.

खरी मजा मुदतीच्या कायद्याच्या अठराव्या कलमात आहे. मुदत संपायच्या आत कर्जदाराने सही करून देणं कबूल केलं, की त्या दिवसापासून 3 वर्षं नव्याने सुरू. कबुली कशीही चालते. रक्कम नेमकी लिहिलेली नसली तरी चालते. “अजून द्यायची वेळ झाली नाही” असं म्हटलं तरी चालते. कबुली सावकाराऐवजी भलत्यालाच, समजा साळ्याला, लिहिली तरी चालते. आणि सगळ्यात बहार म्हणजे “देत नाही, काय करायचं ते कर” या नकारासकट आली तरी चालते. म्हणजे तोंड मिटून बसलेला लबाड 3 वर्षांत सुटतो; आणि ज्याला अभिमान आहे, ज्याचं शिक्षण झालं आहे, ज्याला खरमरीत पत्र लिहिता येतं, तो “तुमच्या त्या फालतू पन्नास हजारांसाठी तुम्ही माझ्या दारात आलात याचा मी निषेध करतो, ते पैसे मी देणार नाही” असं लिहून खाली झोकदार सही ठोकतो आणि स्वतःच्या कर्जाला संजीवनी देतो. कागदच लागतो असंही नाही. ईमेलमधली कबुली कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये मान्य केली आहे. वऱ्हाडातला मुरलेला कर्जदार म्हणूनच लिहीत नाही. तो चहा पाजतो.

परगावी पळालेल्याचा हिशोबही वेगळा. कर्जदार भारताबाहेर असेल तेवढा काळ मुदतीत धरत नाहीत. पोरगा दुबईला गेला तर घड्याळ थांबलं, पुण्याला गेला तर चालू. फोन उचलायच्या बाबतीत दुबई आणि पुणे यांत काही फरक आहे असं भाऊंना आजवर आढळलेलं नाही, पण कायदे करणाऱ्यांना आढळला असावा.

ही 3 वर्षं आली कुठून? 1859 च्या कायद्यातून. इंग्रज साहेबाचा हेतू चांगला होता. सावकाराने व्याज चढत ठेवून पिढ्यान् पिढ्या कागद कुजवू नये, वेळेत हिशोब मिटवावा. सावकाराने हिशोब वेळेत मिटवलाही. दर तिसऱ्या वर्षी तो जुनं मुद्दल आणि चढलेलं व्याज एकत्र करायचा, त्या बेरजेला नवं मुद्दल म्हणायचा आणि नव्या कागदावर शेतकऱ्याचा अंगठा घ्यायचा. शेतकऱ्याला वाचवायला केलेली मुदत म्हणजे दर 3 वर्षांनी व्याजाला व्याज लावायचा मुहूर्त ठरला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले, ते सावकारांच्या वह्या आणि खतं मागत, आणि हाती आलेली कागदपत्रं त्यांनी पेटवून दिली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यात मुदत चक्क वाढवली: नोंदणी केलेल्या खतांना 12 वर्षं, इतरांना 6. मुदत कमी करून कर्जदार बुडाला म्हणून ती वाढवून त्याला वाचवायचं, असा कारभार झाला.

हा दंगा पुणे-नगरकडचा. वऱ्हाड त्यात नव्हतं. वऱ्हाडी माणूस मुदतीच्या बाबतीत जरा गाफील असतो असं कोणी त्यावरून म्हणेल, तर त्याला सांगायला हवं की गाफील राहायला या मुलखाला ऐतिहासिक कारण आहे. हा अख्खा प्रांतच एका थकबाकीत गेला होता.

प्रकरण असं. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगाराचं बिल निजामाचं. बिल थकत गेलं, कंपनी सरकार स्वतःच्या खिशातून पगार देऊन तो निजामाच्या नावे मांडत गेलं आणि 1853 पर्यंत हे देणं अर्ध्या कोटीच्या घरात पोचलं. लॉर्ड डलहौसीने तगादा लावला. भाऊंसारखी पावसाने सुरुवात करण्याची त्याची पद्धत नव्हती. त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं: इथल्या महसुलातून फौजेचा खर्च भागवायचा, उरलंसुरलं निजामाला परत.

1857 च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचं बक्षीस म्हणून 1860 मध्ये सुमारे 50 लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव आणि रायचूर दोआबही परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळालं नाही. कर्ज गेलं, गहाण राहिलं! गावातला कोणताही सावकार हे वाचून टोपी काढेल. पुढे लवकरच इथे कापसाला सोन्याचा भाव येऊ लागला, अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडकडे डोळे लावून बसल्या होत्या आणि 1867 मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरला भिडला. ज्या रेल्वेमुळे चांदूरला आडनाव मिळालं, ती वाटेत याच कापसासाठी थांबत होती. असं गहाण कोण सोडतो?

निजामाच्या दरबारातून पाठपुरावा झाला. दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागायला 1876 मध्ये विलायतेला निघाले आणि वाटेत पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून घसरून पाय मोडून बसले. तरी लंडनला गेले, मानसन्मान भरपूर झाला, मेजवान्या झाल्या. वसुलीला गेलेल्याला चहा पाजून परत पाठवायची रीत तिथेही होती म्हणायची. पुढे 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानेच घेऊन टाकलं.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी 1923 पासून हा विषय पुन्हा उकरला. पत्रांवर पत्रं गेली. 27 मार्च 1926 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर दिलं. रीडिंग आधी इंग्लंडचे सरन्यायाधीश होते, त्यामुळे उत्तर राजकारण्याचं असलं तरी शाई वकिलाची होती. एकदा निकाल लागलेली बाब त्याच पक्षांनी पुन्हा पुन्हा वादात आणू नये, हे न्यायालयीन तत्त्व व्यवहारालाही धरून आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. निकाल कोणी दिला होता? तर ज्यांच्याकडे गहाण होतं त्यांनीच. शेवटी 1936 च्या करारात निजामांना ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम’ म्हणवून घेण्याची मुभा मिळाली आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब. मुलूख साहेबाकडे, पाटी निजामाकडे. मुदत गेलेल्या कर्जाची यापेक्षा शानदार पावती दुसरी नसेल.

याच निजामांचं पुढे उलटं प्रकरण झालं. सप्टेंबर 1948 मध्ये, हैदराबाद पडता पडता, त्यांच्या खात्यातून 10 लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यात गेली. लगेच निजामांनी पैसे परत मागितले. बँकेने दोघांनाही नाही म्हटलं. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने परक्या सार्वभौम देशाला इथल्या कोर्टात ओढता येत नाही म्हणून हात वर केले. पैसे पडून राहिले. पाकिस्तानने गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण 2013 मध्ये पाकिस्तानने आपण होऊन बँकेवर दावा लावला, आणि दावा लावल्याने सार्वभौमत्वाचं कवच आपोआप गळून पडलं. चूक कळल्यावर दावा मागे घ्यायची धडपड झाली. न्यायालयाने घेऊ दिला नाही. खरमरीत पत्र लिहून सही ठोकणाऱ्या त्या शिकलेल्या कर्जदाराची इथे आठवण येणं साहजिक आहे. समोरच्यांचे दावे मुदतबाह्य आहेत, असाही बचाव झाला. चालला नाही. 2 ऑक्टोबर 2019 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा त्या 10 लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. भाऊंनी ही बातमी दुकानात मोठ्याने वाचून दाखवली. चौकातल्या गृहस्थाने शांतपणे विचारलं, “मंग तुम्ही लंडनले टाकता का दावा?”

ज्यांनी वेळेत दावा टाकला आणि जिंकला, त्यांचं तरी काय होतं? भाऊंच्या शेजारी एक सेवानिवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्याकडे हुकूमनामा आहे, म्हणजे कोर्टाने पैसे द्या म्हणून केलेला पक्का हुकूम. निकालाच्या दिवशी त्यांनी पेढे वाटले, नक्कल काढली आणि ती लॅमिनेट करून आणली. वसुली बाकी आहे. प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच लिहून ठेवलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात; गुरुजींना ते पेढे वाटण्याआधी कोणी सांगितलं नाही.

हुकूमनाम्याची अंमलबजावणी करायची तर पुन्हा अर्ज करावा लागतो. त्याला आपल्याकडे दरखास्त म्हणतात आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी तिची मुदत 12 वर्षं. जुन्या, 1908 च्या मुदतीच्या कायद्यात दर 3 वर्षांनी काहीतरी पाऊल उचलून हुकूमनामा जागा ठेवावा लागे. ती कटकट 1964 पासून गेली आणि तिच्याबरोबर गुरुजींची घाईही गेली. 12 वर्षं आहेत की! उसने मागायला आलेल्यांना ते कपाटातून हुकूमनामा काढून दाखवतात: “माझे तर अडकले आहेत. हे पाहा, कोर्टाचा शिक्का.” उसनवारी टाळायला इतका उत्तम कागद गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. पण बारावं वर्ष संपलं आणि एक दिवस उशीर झाला, तर मेहेरबानी नाही. उशीर माफ करणारं मुदतीच्या कायद्याचं पाचवं कलम अपिलांना चालतं, दरखास्तीला चालत नाही.

अखेर गुरुजींनी दरखास्त दाखल केली. पत्त्यात त्यांनी नुसतं ‘चांदूर’ लिहिलं. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार असे दोन तालुके आहेत, आणि ‘मारुतीच्या देवळामागे’ ही खूण दोन्हीकडे तंतोतंत लागू पडते. योग्य चांदुरात, योग्य मारुतीमागे बेलिफ पोचला, तेव्हा मोटारसायकल जावयाची निघाली, टीव्ही सासूचा, फ्रिज भावाचा. उरलेल्यांत स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे आणि मंगळसूत्र. यातल्या कशालाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने जप्ती लागत नाही. शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणंही सुटलं. शेवटी जप्तीयोग्य म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ दिसलं. ते बंद होतं.

“मग त्याला तुरुंगातच टाका,” गुरुजी कडाडले.

“टाकता येते. ऐपत असून देत नाही हे दाखवा, मग जास्तीत जास्त 3 महिने,” वकील म्हणाले. “पण त्याच्या जेवणाचा खर्च तुम्हाले भरावा लागंल. आगाऊ.”

“मी? त्याच्या जेवणाचा?”

“आणि सुटून आला की देणं माफ होते असंही नाही. ते तसंच राहते.”

गुरुजींनी 3 महिन्यांच्या वरण-भाताचा हिशोब केला आणि हुकूमनामा पुन्हा कपाटात ठेवला. ते एकटे नाहीत. दरखास्ती 6 महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावलं. 2025 मध्ये मोजणी करवली तेव्हा देशभरात 8 लाख 82 हजारांवर दरखास्ती पडून होत्या, आणि त्यांत सगळ्यांत मोठा वाटा महाराष्ट्राचा.

मुदतीच्या या धावपळीत सरकारने स्वतःसाठी मात्र ऐसपैस खुर्ची राखून ठेवली आहे. भाऊंना 3 वर्षं. सरकारला दाव्यासाठी 30. पूर्वी 60 होती, म्हणजे सरकारनेही आपल्या परीने घाई केली आहे. अनंतनागच्या कलेक्टरला अपिलाला 4 दिवस उशीर झाला, तेव्हा 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो माफ केला आणि विचारलं की दर दिवसाच्या उशिराचा खुलासा मागता, तर मग दर तासाचा, दर सेकंदाचा का नको? सरकारी कचेऱ्यांनी याचा अर्थ आपल्या परीने लावला असावा, कारण 2012 मध्ये टपाल खातं 427 दिवस उशिरा आलं. त्या वेळी न्यायालयाने खात्याला परत पाठवलं. पत्रं वेळेवर पोचवणं हा ज्यांचा धंदा, त्यांचं अपील पोचायला 427 दिवस लागावेत, यावर विनोदी लेखकाने वेगळं काही लिहिण्याची गरज नाही.

सगळ्या देशाची घड्याळं एकदा थांबलीही. करोनामुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीत धरायचा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला. मधल्या काळात ज्यांची मुदत संपत होती त्यांना 1 मार्च 2022 पासून 90 दिवस मिळाले. कितीतरी कर्जदार 3 वर्षं मोजून निर्धास्त झाले होते. भाऊंना ही बातमी वकिलांनी जूनच्या मध्यावर सांगितली. “आधी सांगायचं ना साहेब!” “तुम्ही विचारलं कुठे? मला वाटलं, तुम्हाला संकोच वाटत असेल.”

आता एकच मार्ग उरला होता. मुदत गेलेलं देणंसुद्धा फेडीन असं कर्जदाराने लेखी दिलं आणि सही केली, तर करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे तो नवा, पक्का करार होतो. वकिलांनी मसुदा करून दिला. भाऊंनी तो खिशात घालून बरेच दिवस हिंडवला, घडीवर तेलाचे डाग पडले, आणि एका संध्याकाळी कसंबसं तोंड उघडलं.

“ते आपलं... एक सही पाहिजे होती.”

“एवढंच ना? आणा इकडं. तुम्ही पण ना भाऊ, परक्यावानी करता.” गृहस्थाने कागद न वाचता झोकात सही केली, खाली तारीख टाकली, वर दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून दिल्या. भाऊंचा कंठ दाटून आला.

“झालं तुमचं समाधान? आता कागद आहे तुमच्यापाशी. पक्का. वकिलाचा.”

“हो ना.”

“मंग आता भेव कायचं? पोराच्या फीसाठी पाच हजार पाहिजे होते. चना निघाला की आणून देतो.”

भाऊंनी गल्ला उघडला. तारीख मात्र या वेळी त्यांनी तिथल्या तिथे टिपून घेतली, भिंतीवरच्या डिसेंबरच्या पानावर, दुधाच्या हिशोबाशेजारी. ते कॅलेंडर 1 जानेवारीला रद्दीवाल्याकडे गेलं.